प्रश्नोत्तरांचा तास

लोकसभेचें अधिवेशन चालू असलें म्हणजे सकाळीं अकरा वाजतां अध्यक्ष आसनस्थ होतात आणि पहिल्या प्रश्नकर्त्याचें नांव पुकारलें जातें. सभासद उठून केवळ आपल्या प्रश्नाचा अनुक्रमांक सांगतो. मंत्री उठून उत्तर वाचतो, किंवा तें सभागृहाच्या मेजावर ठेविल्याचें निवेदन करितो. आणि मग पूरक प्रश्नांची खरी झटापट सुरू होते. दिवसाच्या यादींत तोंडी उत्तरासाठीं वीस तारांकित प्रश्न असतात व लेखी उत्तरासाठीं दोनशें तीस अतारांकित. वीसांपैकीं मोजकेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात. तोंच बारा वाजतात आणि उरलेल्यांचीं उत्तरें छापील कागदांत जाऊन निजतात. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत आपण वाचतों कीं, अमुक मंत्र्यांनीं सांगितलें, ‘माहिती गोळा केली जात आहे.’ घरांतील वडील माणसें हें वाक्य वाचून किंचित् हंसतात व पान उलटतात.

या हंसण्यांत एक प्रश्न दडलेला आहे, आणि तो आम्हांस हंसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाहीं. ज्या उत्तरांत बहुधा कांहींच सांगितलेलें नसतें, त्या उत्तरासाठीं राष्ट्रानें आपल्या श्रेष्ठ सभेचा रोजचा पहिला तास कां राखून ठेवावा? सत्ता ज्याच्या हातीं आहे त्यानें खरें सांगावयाचें मनांत आणलें तर तो विचारल्यावांचूनही सांगेल. आणि मनांत आणलें नाहीं तर विचारूनही सांगणार नाहीं. मग या सोपस्काराचें प्रयोजन काय? या शंकेचें निरसन तत्त्वचर्चेनें होण्यासारखें नाहीं. प्रश्न विचारण्याचा हा हक्क कोठून आला, तो आमच्या देशांत कसा पोंचला, आणि त्यानें प्रत्यक्षांत काय केलें, हें पाहूनच त्याची किंमत ठरविली पाहिजे.

इंग्लंडच्या पार्लमेंटांत मंत्र्यास विचारलेला पहिला नोंदलेला प्रश्न १७२१ सालचा आहे. आदल्या वर्षीं ‘साउथ सी’ कंपनीचा फुगा फुटून हजारों कुटुंबांची धूळधाण झाली होती. कंपनीचा खजिनदार रॉबर्ट नाइट हा देश सोडून पळाला, आणि कोणकोणत्या थोर गृहस्थांस कंपनीनें गुप्तपणें भाग वांटले होते याचें ज्ञानही त्याच्याबरोबर समुद्रापार गेलें. तो परमुलखांत पकडला गेल्याची वार्ता आली तेव्हां लॉर्ड कौपर यांनीं उमरावांच्या सभेंत उठून सरकारास विचारलें कीं, ही वार्ता खरी आहे काय? मुख्य मंत्री अर्ल ऑफ संडरलंड यांनीं तिला दुजोरा दिला. एवढाच तो प्रसंग. परंतु वाचकांनीं त्यांतील मर्म ध्यानांत घ्यावें. हा पहिलाच प्रश्न एकाच वेळीं स्वदेशींच्या कारभाराचा आणि परराष्ट्र-व्यवहाराचा होता. कारण लुबाडणूक लंडनांत झाली होती, पण साक्षीदार परक्या राजाच्या कैदेंत होता. दुसरें असें कीं, उत्तर खरें होतें, पण पुरें नव्हतें. नाइट इंग्लंडांत परत कधींच आणला गेला नाहीं. तो कैदेंतूनही निसटला. आणि तो परत न यावा हीच मंत्रिमंडळांतील कित्येकांची अंतस्थ इच्छा होती, असें पुढील इतिहाससंशोधकांचें मत झालें आहे. खुद्द संडरलंड यांच्यावरही कंपनीचे भाग घेतल्याचा आरोप आला होता व त्यांतून ते सभेच्या मतांनीं सुटले. म्हणजे खरें असून अपुरें असलेलें उत्तर हें या प्रथेबरोबरच जन्मास आलें.

प्रथा रुळली तरी तिला नियमाचें रूप येण्यास फार काळ लागला. १७८३ सालीं कॉमन्स सभेचे अध्यक्ष कॉर्नवॉल यांनीं निर्णय दिला कीं, सभासदास अधिकाराच्या जागीं असलेल्या गृहस्थास प्रश्न विचारण्याचा हक्क आहे आणि त्या गृहस्थास उत्तर देण्याचा किंवा न देण्याचाही हक्क आहे. १८३५ पासून प्रश्नाची पूर्वसूचना छापील कार्यपत्रिकेवर येऊं लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत आयरिश सभासदांनीं आपल्या देशाचीं गाऱ्हाणीं प्रश्नरूपानें मांडून सभेस अक्षरशः जेरीस आणलें, तेव्हां १९०२ सालीं बाल्फोर यांच्या सुधारणांनीं लेखी उत्तराची सोय करण्यांत आली आणि तोंडी प्रश्नांस वेळेची मर्यादा पडली. या सर्व घडामोडींत एक गोष्ट दिसून येते. प्रश्नाचा हक्क कोणीं उदार होऊन दिला असें झालें नाहीं. आधीं कोणीतरी विचारीत गेला, मग विचारणारांची संख्या वाढली, आणि मग त्यांना आवरण्यासाठीं जे नियम झाले त्या नियमांनींच त्यांचा हक्क कायम केला.

आमच्या देशाची कथा याहून निराळी आहे. १८६१ च्या कायद्यानें जीं कायदेमंडळें झालीं त्यांत हिंदी गृहस्थांस बसावयास खुर्ची मिळाली, परंतु तोंड उघडण्याची मुभा केवळ समोर आलेल्या विधेयकापुरती होती. कारभारावर प्रश्न विचारतां येत नसे. हिंदुस्थानच्या कारभाराविषयीं कोणास कांहीं विचारावयाचें झाल्यास तें लंडनच्या कॉमन्स सभेंत, तेथील एखाद्या सहृदय सभासदाच्या मुखानें विचारावें लागे. १८९२ च्या कायद्यानें ही स्थिति किंचित् पालटली. वरिष्ठ व प्रांतिक कायदेमंडळांच्या सभासदांस प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. परंतु सहा दिवस आधीं सूचना द्यावी, अध्यक्षानें परवानगी द्यावी, आणि उत्तर आल्यावर त्यावर चर्चा करूं नये, अशा अटी होत्या. पूरक प्रश्न नव्हताच. उत्तर ऐकावें व खालीं बसावें.

या अधिकाराचा वरिष्ठ कायदेमंडळांतील पहिला उपयोग १६ फेब्रुवारी १८९३ रोजीं झाला. तो करणारे गृहस्थ होते अयोध्या प्रांतांतील भिंगा येथील राजे. राज्यांच्या हद्दी, सैन्याचा खर्च, नोकऱ्यांतील हिंदी लोकांचें प्रमाण, असे मोठमोठे विषय त्या काळीं सभांतून गाजत होते. राजेसाहेबांनीं विचारलें तें मात्र खेड्यांतील दुकानदारांविषयीं. सरकारी अधिकारी दौऱ्यावर निघाले म्हणजे त्यांच्या छावणीस शिधासामग्री पुरविण्याचें काम गांवच्या दुकानदारांच्या गळ्यांत पडे व त्यांत त्यांची पिळवणूक होई. त्या हालांविषयींचा तो प्रश्न होता. सरबराई म्हणजे काय, हें आमच्या खेड्यांतील वृद्धांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. साहेबाचा तळ गांवाबाहेर पडला कीं कोंबडीपासून सरपणापर्यंत सर्व कांहीं हजर करावें लागे, आणि पैशाची गोष्ट काढणें हें उद्धटपणांत जमा होई. त्या दुकानदारांस कलकत्त्याचें मंडळ म्हणजे काय हें स्वप्नींही ठाऊक नसेल. तरीही हिंदुस्थानांतील प्रश्नाच्या हक्काचा आरंभ त्यांच्या पिठामिठाच्या हिशेबानें झाला, ही गोष्ट आम्हांस मोठी अर्थपूर्ण वाटते.

परंतु प्रश्नाचा मार्ग किती निसरडा आहे याचा धडा चारच वर्षांनीं पुण्यास मिळाला. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगनें थैमान घातलें होतें. घरें तपासण्यासाठीं गोरे सोजीर नेमले होते आणि त्यांच्या वर्तनाविषयीं शहरांत संताप धुमसत होता. त्या वेळीं फर्ग्युसन कॉलेजांतील प्रोफेसर गोपाळ कृष्ण गोखले वेल्बी कमिशनपुढें साक्ष देण्यास विलायतेस गेले होते. त्यांस पुण्याहून पत्रें गेलीं. त्यांत दोन स्त्रियांवर सोजिरांनीं अत्याचार केल्याची व त्यांपैकीं एकीनें प्राण दिल्याची हकीगत होती. गोखले यांचें वय तेव्हां एकतीस वर्षांचें होतें. त्यांनीं ती हकीगत ‘मॅंचेस्टर गार्डियन’ पत्रास सांगितली व पार्लमेंटच्या कांहीं सभासदांपुढेंही मांडली. कॉमन्स सभेंत प्रश्न निघाला. भारतमंत्री लॉर्ड जॉर्ज हॅमिल्टन यांनीं मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्याकडे तारेनें विचारणा केली. गव्हर्नरांनीं आरोपाचा साफ इन्कार केला. आणि तोच इन्कार सभेपुढें उत्तर म्हणून आला.

गोखले मुंबईस परतले तेव्हां त्यांच्या हातीं पुरावा नव्हता. ज्यांनीं पत्रें लिहिलीं होतीं ते उघडपणें पुढें येण्यास तयार नव्हते. रँड यांचा खून नुकताच झालेला, पुण्यावर जादा पोलीस बसविलेले, अशा दिवसांत कोण पुढें येणार? गोखले यांनीं पत्रलेखकांचीं नांवें सांगितलीं नाहींत. त्यांनीं स्वतः जाहीर व बिनशर्त माफी मागितली. त्या माफीबद्दल स्वकीयांनीं त्यांस जे बोल लावले ते त्यांस पुष्कळ वर्षें सोसावे लागले.

या प्रकरणीं गोखले यांचें वर्तन थोर होतें कीं दुबळें होतें, हा वाद जुना आहे आणि तो येथें उकरून काढण्याचा आमचा विचार नाहीं. आम्हांस दाखवावयाचें आहे तें उत्तराचें स्वरूप. सभेंत उत्तर देणारा मंत्री पुण्यापासून हजारों मैलांवर होता. त्याचें ज्ञान म्हणजे गव्हर्नराची तार. गव्हर्नराचें ज्ञान म्हणजे हाताखालच्या अधिकाऱ्यांचा कागद. आणि ते अधिकारी म्हणजे ज्यांच्याविरुद्ध गाऱ्हाणें होतें त्यांचेच वरिष्ठ. ज्याची चौकशी करावयाची त्याच्याचकडून चौकशीचा निकाल मागविला गेला. प्रश्नकर्त्यास मात्र प्रत्येक शब्दाचा पुरावा द्यावा लागला. पूरक प्रश्न विचारून ‘हें आपणांस कोणीं सांगितलें? त्यानें तें कोणास विचारलें?’ असा पाठपुरावा करणारा माहितगार सभासद तेथें नव्हता. पुण्याचें दुःख विचारावयाचें तर तें पुण्याच्या माणसानें, पुण्याच्या लोकांस जबाबदार असलेल्या सभेंत विचारलें पाहिजे, हा त्या प्रसंगाचा खरा बोध होय. पुढें दोनच वर्षांनीं गोखले मुंबईच्या कायदेमंडळांत गेले, १९०२ पासून वरिष्ठ कायदेमंडळांत बसूं लागले, आणि १९१५ सालीं देह ठेवीपर्यंत सरकारास आंकड्यांनिशीं विचारीत राहिले. १८९७ चा चटका ते विसरले नव्हते, असें त्यांच्या भाषणांतील पुराव्याची काटेकोर मांडणी पाहून वाटतें.

१९०९ च्या सुधारणांनीं मूळ प्रश्नकर्त्यास पूरक प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली आणि १९१९ च्या सुधारणांनंतर ती सर्व सभासदांस मिळाली. परंतु एक दरवाजा घट्ट बंदच होता. परराष्ट्रांशीं असलेले संबंध आणि संस्थानिकांशीं असलेले संबंध यांविषयीं प्रश्न विचारतां येऊं नये, असें १९०९ च्या नियमांनीं स्पष्टच घातलें होतें. हिंदी शिपाई परमुलखांत लढावेत, हिंदी तिजोरीनें त्यांचा खर्च सोसावा, पण ती लढाई कां, हें हिंदी प्रतिनिधीनें विचारूं नये! गोखले यांनीं १९१० सालीं नाताळांतील गिरमिटिया मजुरांचा प्रश्न ठरावरूपानें मांडला व पुढील वर्षीं नाताळास मजूर पाठविणें बंद झालें. पण नाताळ ही साम्राज्यांतीलच वसाहत होती म्हणून ती फट सांपडली. परराष्ट्र-धोरण हा विषय लोकप्रतिनिधींच्या कक्षेंत पुरतेपणीं आला तो १९४७ सालीं, स्वातंत्र्याबरोबर.

स्वतंत्र संसदेनें या हक्काची राखण दोन्ही बाजूंनीं केली, हें तिच्या पहिल्या वर्षांचें भूषण होय. १९५१ सालीं हंगामी संसदेचे मुंबईकडील एक सभासद एच. जी. मुद्गल यांनीं सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संस्थेकडून पैसे घेऊन तिच्या हितासाठीं सभागृहांत प्रश्न घातल्याचें उघडकीस आलें. ते सत्ताधारी पक्षाचे होते. तरीही पंतप्रधान नेहरू यांनीं स्वतःच चौकशीचा ठराव आणला. समितीनें त्यांस दोषी ठरविलें. निकाल लागण्यापूर्वीं त्यांनीं राजीनामा दिला, तरीही सभेनें आपला निषेध नोंदविला. प्रश्न ही विकावयाची वस्तु नव्हे, हें त्या दिवशीं ठरलें. या समितीचे अध्यक्ष टी. टी. कृष्णम्माचारी होते, वाचकांनीं हें नांव लक्षांत ठेवावें. उत्तराच्या बाजूनें बंदोबस्त केला तो लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर यांनीं. मावळंकर यांचें घराणें मूळचें कोंकणांतलें, कर्मभूमि अहमदाबाद. ‘विचार करूं’, ‘माहिती मागवूं’, अशीं मंत्र्यांचीं आश्वासनें हवेंत विरून जातात हें पाहून त्यांच्या काळांत, डिसेंबर १९५३ मध्यें, शासकीय आश्वासनांची समिति नेमण्यांत आली. मंत्र्यानें सभेंत दिलेला शब्द टिपून ठेवावयाचा आणि तो पाळला किंवा नाहीं हें मागाहून विचारावयाचें, एवढेंच तिचें काम. ‘माहिती गोळा केली जात आहे’ हें वाक्य वाचून हंसणाऱ्यांनीं या समितीची आठवण ठेवावी.

आतां देशांतील कारभारासंबंधीं एका प्रश्नानें काय घडविलें तें पाहूं. आयुर्विमा महामंडळ १९५६ सालीं स्थापन झालें. मध्यमवर्गीय गृहस्थानें पोटास चिमटा घेऊन भरलेले हप्ते त्याच्या तिजोरींत एकत्र झाले. १९५७ च्या जूनमध्यें या पैशांतून सुमारें सव्वा कोटि रुपये हरिदास मुंदडा या सटोडिया उद्योगपतीच्या सहा कंपन्यांचे भाग घेण्यांत गुंतविले गेले. त्या कंपन्यांची स्थिति भरंवशाची नव्हती. सप्टेंबरमध्यें लोकसभेंत डॉ. रामसुभग सिंह यांनीं या गुंतवणुकीविषयीं प्रश्न विचारला. हे गृहस्थही सत्ताधारी पक्षाचेच. अर्थखात्यातर्फे आलेलें उत्तर मोघम होतें. पण मोघम उत्तराचा एक दोष असा कीं, ज्यास कांहीं ठाऊक आहे त्याची जिज्ञासा त्यानें शमत नाहीं, उलट जागी होते. नोव्हेंबरांत पुन्हां प्रश्न आले, पूरक प्रश्न आले, आणि प्रत्येक उत्तर मागील उत्तराशीं ताडून पाहिलें जाऊं लागलें. १६ डिसेंबर रोजीं फिरोज गांधी यांनीं सभागृहांत कागदांनिशीं सर्व व्यवहार उलगडला. ते पंतप्रधानांचे जांवई होते व सरकार त्यांच्याच पक्षाचें होतें.

चौकशीचें काम मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ति महंमद करीम छगला यांच्याकडे आलें. १९५८ च्या जानेवारींत मुंबईस उघड चौकशी झाली. गर्दी इतकी लोटली कीं बाहेरच्या लोकांसाठीं ध्वनिक्षेपक लावावे लागले. विम्याचे हप्ते भरणारी मुंबई आपल्या पैशाचें काय झालें तें स्वकर्णांनीं ऐकत होती. न्यायमूर्तींचा निष्कर्ष असा झाला कीं, सचिवानें जें केलें त्याची घटनात्मक जबाबदारी मंत्र्यास टाळतां येत नाहीं. फेब्रुवारींत अर्थमंत्र्यांनीं राजीनामा दिला. ते अर्थमंत्री म्हणजे टी. टी. कृष्णम्माचारी. सात वर्षांपूर्वीं ज्यांनीं प्रश्नाच्या पावित्र्याची राखण केली, त्यांचेंच मंत्रिपद प्रश्नांच्या माऱ्यांत गेलें. त्यांनीं स्वतः पैसा खाल्ला असें कोणीं म्हटलें नव्हतें; परंतु पहिल्या दिवशींच सर्व हकीगत मोकळेपणीं सांगितली असती तर त्यांचें स्थान कदाचित् टिकलें असतें. मूळ व्यवहाराइतकीच अपुरीं उत्तरेंही त्यांस भोंवलीं, असें आम्हांस वाटतें.

परराष्ट्र-व्यवहारांत मात्र प्रश्नाची परीक्षा कठीण असते. तेथें मंत्र्यास गुप्ततेची ढाल सहज मिळते, आणि ती नेहमींच खोटी असते असेंही नव्हे. १९५६ च्या ऑक्टोबरांत इंग्लंड, फ्रान्स आणि इस्रायल यांनीं पॅरिसजवळ सेव्ह्र येथें गुप्त करार केला: इस्रायलनें ईजिप्तवर चाल करावी, आणि मग इंग्लंड-फ्रान्सनीं भांडण सोडविण्याच्या मिषानें सुएझवर सैन्य उतरवावें. पंतप्रधान ईडन यांनीं त्या कराराच्या प्रती नाहींशा करण्याची खटपट केली. २० डिसेंबर १९५६ रोजीं कॉमन्स सभेंत विरोधकांनीं त्यांस पूर्वसंगनमताविषयीं छेडलें. इस्रायल हल्ला करणार हें आम्हांस आधीं ठाऊक नव्हतें, असें त्यांनीं सभेस सांगितलें. हें उत्तर अपुरें नव्हतें. तें असत्य होतें. तीन आठवड्यांच्या आंत प्रकृतीच्या कारणानें त्यांनीं पद सोडलें. इस्रायलकडे राहिलेल्या प्रतीचा मजकूर १९९६ सालीं जगापुढें आला, आणि चाळीस वर्षांपूर्वींचें तें उत्तर त्याच्याशेजारीं ठेवून वाचतां आलें. आज ईडन यांच्या दीर्घ राजकारणांतील चांगल्या गोष्टी पुष्कळांस आठवत नाहींत. तें एक वाक्य आठवतें.

आमच्याकडील उदाहरण याहून गुंतागुंतीचें आहे. १९५७ सालीं सिंकियांग व तिबेट यांस जोडणारा रस्ता पुरा झाल्याचें चीननें जाहीर केलें. तो लडाखच्या अक्साई चीनमधून जातो हें आपल्या सरकारास पुढें खात्रीनें कळलें, आणि १८ ऑक्टोबर १९५८ रोजीं चीनच्या वकिलास निषेधाचा खलिता देण्यांत आला. संसदेस मात्र ही गोष्ट पंतप्रधान नेहरू यांच्या मुखानें कळली ती २८ ऑगस्ट १९५९ रोजीं, म्हणजे दहा महिन्यांनीं. नेहरू यांनीं खोटें सांगितलें नव्हतें. त्यांनीं सांगितलें नव्हतें. शांतपणें बोलणीं करून मार्ग निघेल अशी त्यांची आशा असावी. परंतु ज्या सभेंत पंतप्रधानांस प्रतिदिनीं प्रश्न विचारले जात होते तिला दहा महिने अंधारांत ठेविल्याचा परिणाम असा झाला कीं, पुढच्या प्रत्येक उत्तरामागें कांहीं दडलें आहे काय, अशी शंका येऊं लागली. ७ सप्टेंबर रोजीं सरकारनें चीनशीं झालेला सर्व पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपानें सभेपुढें ठेविला.

येथें दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कांहीं इतिहासकारांचें म्हणणें असें आहे कीं, पत्रें उघड्यावर आल्यावर लोकमत इतकें प्रक्षुब्ध झालें कीं, देवाणघेवाणीस सरकारच्या हातीं जागाच उरली नाहीं. या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु तो दोष प्रश्नांचा कीं उशिराचा? जी गोष्ट लोकांस हळूहळू कळते तिच्याविषयीं त्यांचा विवेक हळूहळू तयार होतो. जी एकदम कळते तिच्याविषयीं केवळ संताप तयार होतो. वेळच्या वेळीं विचारलें व सांगितलें गेलें असतें तर लोकमत सरकारचा अडसर न होतां आधार झालें असतें, असें मानण्यास जागा आहे. तीन वर्षांनीं हिमालयांत लढाई पेटली, आणि त्या अधिवेशनांत प्रश्नोत्तरांचा तासच बाजूस ठेवण्यांत आला.

मंत्र्याचें उत्तर लिहितो कोण, ही बाबही विसरतां कामा नये. तें लिहितो कचेरींतला अधिकारी. १९८२ च्या मे महिन्यांत फॉकलंडच्या युद्धांत ब्रिटिश पाणबुडीनें आर्जेंटिनाची ‘बेलग्रानो’ ही युद्धनौका बुडविली. ३२३ माणसें मृत्यु पावलीं. ती नौका ब्रिटिश काफिल्याच्या रोखानें येत होती, असें सभेस सांगण्यांत आलें होतें. वास्तविक ती तेव्हां दूर जात होती. टॅम डॅलियेल नांवाच्या सभासदानें हा प्रश्न दोन वर्षें सोडला नाहीं. उत्तरांचे मसुदे हाताळणारे संरक्षण-खात्यांतील अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांस तो लपंडाव सहन होईना. त्यांनीं १९८४ सालीं कागद डॅलियेल यांच्याकडे धाडले. खटला झाला. सरकारचें हित तेंच राष्ट्राचें हित, अशा आशयाचें मार्गदर्शन न्यायाधीशानें केलें. तरीही १९८५ च्या फेब्रुवारींत पंचांनीं पाँटिंग यांस निर्दोष सोडलें. पाँटिंग यांनीं केलें तें सर्वथा योग्य असें आम्ही म्हणत नाहीं. प्रत्येक कारकून आपल्या मतानें कागद वांटूं लागला तर राज्य चालणार नाहीं. परंतु बारा सामान्य नागरिकांनीं सभेस खरें सांगणें हें कचेरीच्या गुप्ततेहून थोर मानलें, ही गोष्ट लहान नव्हे. १९९७ सालीं कॉमन्स सभेनें ठरावच केला कीं, मंत्र्यानें सभेस खरी माहिती द्यावी, चूक झाल्यास त्वरित दुरुस्त करावी, आणि जाणूनबुजून दिशाभूल केल्यास पद सोडावें. आमच्या लोकसभेंतही अध्यक्षांच्या निदेशांपैकीं ११५ वा निदेश मंत्र्याच्या विधानांतील चूक दुरुस्त करण्याचा मार्ग सांगतो.

हक्क असा दीर्घ प्रयासानें मिळाला आहे, आणि तो घालविण्याचे मार्गही पुष्कळ आहेत. २००५ च्या डिसेंबरांत पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल दोन्ही सभागृहांतील मिळून अकरा सभासद हांकलले गेले. मुद्गल प्रकरणाचा धडा अर्ध्या शतकांत विसरला गेला होता. आणीबाणींत प्रश्नोत्तरांचा तास बंद होता. २०२० सालीं महासाथीच्या निमित्तानें एका अधिवेशनांत तो वगळला गेला. लेखी उत्तरें चालू राहिलीं, पण पूरक प्रश्न गेले. कित्येकदां तर सरकारास तो बंद करण्याचे श्रमही पडत नाहींत. सभासदांच्याच गोंधळांत तो तास वाहून जातो. पुण्यास जन्मलेले व १९६४ सालीं बिहारांतील मुंगेरहून निवडून आलेले मधु लिमये यांनीं नियमांचा अभ्यास करून सरकारास कसें बांधून ठेविलें, हें ज्यांस आठवतें त्यांस आरडाओरड व प्रश्न यांतील अंतर सांगावें लागत नाहीं. आरड्याला उत्तर द्यावें लागत नाहीं. प्रश्नाला द्यावें लागतें.

आरंभीं घेतलेल्या शंकेकडे आतां परत येऊं. मंत्र्यास खरें सांगावयाचें नसेल तर विचारून काय उपयोग? संडरलंड यांनीं पुरें सांगितलें नाहीं, हॅमिल्टन यांनीं तार वाचून दाखविली, अर्थखात्यानें मोघम सांगितलें, ईडन असत्य बोलले. तरीही त्यांतील प्रत्येक उत्तर तारखेसह, नांवासह लिहून ठेविलें गेलें. आमच्या पेढ्यांवर दोन प्रकारच्या हुंड्या चालत. दर्शनी हुंडीचे पैसे दाखवितांच मिळत. मुदती हुंडीचे मुदत भरल्यावर. सभेंतील उत्तर ही मुदती हुंडी होय. मुंदडा प्रकरणीं ती पांच महिन्यांत वटली, बेलग्रानोच्या प्रकरणीं तीन वर्षांत, सुएझची वटण्यास चाळीस वर्षें लागलीं. पुण्याच्या त्या दोन अभागी स्त्रियांच्या नांवची हुंडी मात्र कधींच वटली नाहीं. कारण ती लिहून घेण्याचें सामर्थ्य तेव्हां आमच्या हातीं नव्हतें. आतां तें आहे. म्हणून दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत ‘माहिती गोळा केली जात आहे’ हें वाक्य दिसलें म्हणजे पान उलटण्यापूर्वीं घरांतील एखाद्यानें तरी त्या खालची तारीख पाहून ठेवावी, आणि पुढील अधिवेशनांत आपल्या सभासदास विचारावें कीं, ती माहिती गोळा झाली काय?